पाटीवर तीन चौकोन, खूण एकातही नाही

लूपचेक

मंडळी, धागा लांबणार आहे. इन्स्ट्रुमेंटेशनशी देणंघेणं नसेल त्यांनी खुशाल पुढं जावं.

मागच्या आठवड्यात शटडाऊनमध्ये हायड्रोजनच्या लाइनवरचा एक प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून कंट्रोल रूमला कळवणारं उपकरण) बदलायचा होता. स्टोअरमधून पीस आला. चिंधीनं पाटी पुसली तर स्फोटाच्या धोक्याच्या जागी वापरायच्या संरक्षणाच्या तीन ओळी: एक्स (Ex) डी, एक्स आयए आणि धुळीसाठीची एक्स टी. प्रत्येक ओळीपुढं बारीकसा चौकोन आणि खूण एकातही नाही. बरोबरच्या कंत्राटी मुलाला विचारलं, "हा कुठं लावायचा रे?" तो म्हणाला, "साहेब, एफएलपी आहे, कुठंही चालतो."

त्याला बोलून काय उपयोग? ही भाषा त्याला आपणच शिकवली. एफएलपी ग्लँड, एफएलपी दिवा, एफएलपी टॉर्च, हल्ली एफएलपी मोबाइल. गॅसच्या भागात न्यायची परवानगी असलेलं जे जे काही, ते सगळं एफएलपी. खरं तर एफएलपी म्हणजे फ्लेमप्रूफ, आणि फ्लेमप्रूफ म्हणजे फक्त एक्स डी.

एक्स डी डबा स्फोट टाळत नाही. आत गॅस शिरेल, आत ठिणगी पडेल, आत स्फोट होईल, हे त्यानं आधीच गृहीत धरलेलं असतं. त्याचं काम एवढंच की डबा फुटू नये, आणि झाकणाच्या आट्यांमधून किंवा फ्लँजच्या फटीतून निघणारी ज्वाळा वाटेतच इतकी गार व्हावी की बाहेरचा गॅस पेटू नये. या वाटेला फ्लेमपाथ म्हणतात. म्हणून आट्याचं झाकण असेल तर किमान पाच आटे पूर्ण बसलेच पाहिजेत, फ्लँजचा एकही बोल्ट कमी चालत नाही. आणि फ्लेमपाथला पॉलिश पेपर मारून चकचकीत करणारे महाभाग मी या डोळ्यांनी पाहिलेत.

एक्स आयए, म्हणजे आपलं आयएस (इंट्रिन्सिकली सेफ, मुळातच सुरक्षित), याचा विचार बरोबर उलटा. इथं डब्याच्या ताकदीवर भिस्त नाही. वायरीतून येणारी ऊर्जाच इतकी थोडी की एकापाठोपाठ एक असे दोन दोष पडले तरी ठिणगीनं गॅस पेटत नाही. एकाच दोषापर्यंत हमी असेल तर आयबी, दोषाची हमीच नसेल, फक्त नीट चालू असतानाची असेल, तर आयसी. ऊर्जेला लगाम घालणारा बॅरिअर कंट्रोल रूमच्या बाजूला बसलेला असतो. आयएस लूपवर (बॅरिअर ते ट्रान्समीटर या सर्किटवर) ट्रान्समीटरचं झाकण सप्लाय चालू असताना उघडता येतं. एक्स डीचं उघडलंत तर फ्लेमपाथच हातात काढून घेतलात.

मग एकच पीस दोन्ही कसा? कंपनी दोन्ही सर्टिफिकेटं काढते, पाटी एकच छापते आणि बसवणाऱ्यानं आपल्या चौकोनात कायमची खूण करायची असते. एकदा बॅरिअरशिवाय चालला की आतले जे भाग ऊर्जेला आवर घालतात त्यांना मार बसलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. म्हणून तो पीस पुन्हा आयएस म्हणून लावायचा नाही.

माझी लाइन आयएस आहे. स्टोअरच्या चिठ्ठीवर फक्त "रिपेअर्ड, ओके". हा आधी कुठं होता ते शोधतोय. तोवर तुमच्याकडचे असे शब्द आणि घोटाळे येऊ द्या.

दुसरी_पाळी

फ्लेमपाथवरून आठवलं. ट्रान्समीटरला वायरी आत घ्यायला दोन तोंडं असतात. एकात ग्लँड (केबल घट्ट धरून तोंड बंद करणारा भाग), दुसऱ्यात कारखान्यातून आलेलं प्लास्टिकचं बूच. ते बूच वाहतुकीत कचरा जाऊ नये म्हणून असतं. तिथं सर्टिफाइड धातूचं बूच बसवायचं असतं. आमच्या एका ऑडिटमध्ये सकाळभरात सात लाल बुचं निघाली. डबा एक्स डी, ग्लँड एक्स डी, आणि शेजारी दहा रुपयांचं प्लास्टिक.

नवी_ट्रेनी

सर, जॉइन होऊन चारच महिने झालेत, प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या. पाटीवर आयआयसी टी४ लिहिलेलं असतं. हायड्रोजन सगळ्यात धोकादायक म्हणून आयआयसी. मग त्याच हिशोबानं टीसुद्धा सगळ्यात वरचं, म्हणजे टी६ नको का? आमचे एक सीनिअर म्हणाले, "हायड्रोजन आहे ना, टी६ मागव."

लूपचेक

@नवी_ट्रेनी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. पाटीवरचं हे प्रत्येक अक्षर वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

ग्रुप म्हणजे आयआयए, आयआयबी, आयआयसी. तिथं प्रश्न असा की हा गॅस किती बारीक फटीतून ज्वाळा पलीकडं नेतो आणि किती थोड्या ठिणगीनं पेटतो. प्रोपेनची ज्वाळा अडवायला फट सुमारे ०.९२ मिलिमीटरच्या आत हवी, इथिलीनला ०.६५ आणि हायड्रोजनला ०.२९. ठिणगीचं तसंच: प्रोपेन पेटायला साधारण पाव मिलिज्यूल लागतं, हायड्रोजनला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. खाणीतल्या मिथेनसाठी ग्रुप वेगळा, आय.

टी-क्लासचा प्रश्न निराळा: उपकरणाचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल? टी१ म्हणजे ४५० अंशांपर्यंत, मग टी२ ३००, टी३ २००, टी४ १३५, टी५ १०० आणि टी६ ८५. हायड्रोजन नुसत्या उष्णतेनं पेटायला साडेपाचशे अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे ठिणगीच्या बाबतीत हा सगळ्यात तापट गॅस उष्णतेच्या बाबतीत टी१ मध्ये आरामात बसतो. उलट कार्बन डायसल्फाइड शंभर अंशांच्या आसपास आपोआप पेटतं. टी६ ची गरज खरी त्याला.

तुमच्या सीनिअरांनी टी६ मागवलं तर धोका काही नाही, फक्त पैसे जास्त जातील आणि मॉडेल कमी मिळतील. पण हाच गोंधळ उलट्या बाजूनं झाला, "आयआयसी आहे म्हणजे टी पण चालेल" असा, तर मात्र महागात पडेल.

चंद्रपूरकर

टी-क्लासबद्दल एक भर. ती हमी ठरावीक हवेच्या तापमानापुरतीच असते. पाटीवर टीए म्हणून काही लिहिलेलं नसेल तर ते उणे २० ते अधिक ४० अंश धरायचं. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखालची जेबी (जंक्शन बॉक्स, वायरी जोडायचा डबा) त्याहून तापते. टीए न लिहिलेलं सामान इथं लावलं तर आम्ही कागदावरच चुकलेले असतो. खरेदीच्या स्पेसिफिकेशनमध्ये "टीए ५५ किंवा जास्त" ही ओळ घालायला मला तीन वर्षं भांडावं लागलं. मुंबईतल्या साहेबांना वाटायचं, हा माणूस उन्हाचं रडगाणं गातोय.

दुसरं, सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी नुसतं एक्स (X) अक्षर असेल तर ते शोभेला नसतं. वापराच्या खास अटी आहेत, सर्टिफिकेट उघडून वाचा, असा त्याचा अर्थ. कुठं "ओल्या फडक्यानंच पुसा, कोरड्यानं स्थिर वीज तयार होते" असं असतं, कुठं "अ‍ॅल्युमिनियमचा डबा आहे, झोन ० मध्ये आपटू घासू देऊ नका". शेवटी यू असेल तर तो नुसता सुटा भाग, एकटा लावायचाच नाही.

हलवाई_मास्तर

काही कळत नाहीये पण वाचतोय. झोन ० म्हणजे सगळ्यात सुरक्षित ना?

दुसरी_पाळी

@हलवाई_मास्तर, उलटं. झोन ० म्हणजे जिथं स्फोटक गॅस सतत किंवा बराच वेळ असतो, उदाहरणार्थ टाकीच्या आतली द्रवावरची जागा. झोन १ मध्ये रोजच्या कामात अधूनमधून येऊ शकतो. झोन २ मध्ये सहसा येत नाही, आला तरी थोडा वेळ. धुळीसाठी २०, २१, २२. तुमचं पिठीसाखरेचं कोठार असेल तर तुम्हीही या धाग्यात आलात म्हणून समजा. साखरेची बारीक धूळ उत्तम पेटते.

जुना_शिफ्ट_इनचार्ज

आयएसची जन्मकथा कुणीतरी सांगायला हवी म्हणून लिहितो. आमच्या सरांनी ती १९७९ मध्ये आयटीआयच्या वर्गात सांगितली होती.

१४ ऑक्टोबर १९१३. वेल्समधली सेंगेनिड कोळसा खाण. स्फोटात ४३९ खाणकामगार गेले. ब्रिटनमधली ही सगळ्यात मोठी खाण दुर्घटना. ठिणगी कुठून आली हे कधीच पक्कं ठरलं नाही, पण संशय गेला त्यात खाणीतल्या घंटेच्या तारा होत्या. तेव्हा बोगद्याच्या कडेनं दोन उघड्या तारा टाकलेल्या असत. कुठल्याही जागी उभ्या माणसानं त्या हातानं एकमेकींना टेकवल्या की वरच्या इंजिनवाल्याकडं घंटा वाजे. बॅटरी एवढीशी. सगळे म्हणत, इतक्याशा व्होल्टेजनं काय होणार?

पुढं व्हीलर आणि थॉर्न्टन यांनी प्रयोग करून दाखवलं की खरी मेख घंटेच्या कॉइलमध्ये आहे. तार सुटताना कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा एकदम बाहेर पडते आणि ती ठिणगी मिथेन पेटवायला पुरते. म्हणजे सप्लाय छोटा असून भागत नाही, वाटेत साठलेली ऊर्जाही मोजावी लागते. आज बॅरिअरच्या सर्टिफिकेटवर सीओ आणि एलओ दिसतं ना, केबलसकट किती कपॅसिटन्स आणि किती इंडक्टन्स चालेल, त्याची मुळं त्या घंटेत आहेत.

नवी_ट्रेनी

काका, अंगावर काटा आला. हे सीओ-एलओ प्रत्यक्षात कसं मोजतात? आमच्याकडं लूप फाइलमध्ये एक शीट असते, सगळे खाली सही करतात. भरलेली मी अजून पाहिली नाही.

लूपचेक

न भरता सही केलेल्या शीटा प्रत्येक प्लांटमध्ये असतात. एक भरूनच दाखवतो.

नेहमीचा २८ व्होल्ट, ३०० ओहमचा बॅरिअर घेऊ. त्याच्याकडून जास्तीत जास्त २८ व्होल्ट, ९३ मिलिअँप आणि ०.६५ वॉट बाहेर येऊ शकतात. ट्रान्समीटरच्या सर्टिफिकेटवर तो काय सोसू शकतो ते असतं, समजा ३० व्होल्ट, २०० मिलिअँप, ०.९ वॉट. तिन्ही आकडे बॅरिअरपेक्षा मोठे, ठीक. आता साठवण. आयआयसीला २८ व्होल्टवर एकूण ८३ नॅनोफॅरड चालतात. त्यातले ट्रान्समीटरचे स्वतःचे ५ गेले, उरले ७८. केबलचा आकडा हाताशी नसेल तर मीटरमागं २०० पिकोफॅरड धरतात. ७८ भागिले ०.२, म्हणजे ३९० मीटर. चारशे मीटरवरच्या टाकीला हा बॅरिअर कागदावर पुरत नाही.

तोच बॅरिअर, तोच ट्रान्समीटर, पण गॅस आयआयबी असेल तर मर्यादा ६५० नॅनोफॅरड होते आणि केबल तीन किलोमीटरच्या पुढं जाते. ग्रुपचं एक अक्षर बदललं की एवढा फरक पडतो. इंडक्टन्सचं असंच वेगळं तपासायचं.

सेगमेंट_पाहणारी

लूपचेकदादा, वरचा हिशोब एका लूपपुरता छान आहे. एकाच वायरीवर दहा उपकरणं टांगली की काय होतं ते मी सांगते, कारण माझं आयुष्य त्यातच जातंय.

आधी शब्द. एकाच वायरीवर अनेक उपकरणं, या पद्धतीला फील्डबस म्हणतात. तिची मुख्य केबल म्हणजे ट्रंक, तिला फुटलेल्या फांद्या म्हणजे स्पर, आणि हे सगळं मिळून सेगमेंट. फाउंडेशन फील्डबस एच१ आणि प्रोफिबस पीए, दोघांची वायरीवरची भाषा एकच, वेग सेकंदाला ३१.२५ किलोबिट. वीज आणि माहिती त्याच दोन तारांवर. उपकरणाला ९ ते ३२ व्होल्ट लागतात. चांगल्या केबलवर ट्रंक आणि सगळे स्पर मिळून १९०० मीटर. स्पर १२० मीटरपर्यंत, पण उपकरणं बारापेक्षा जास्त झाली की ही मर्यादा घटत जाते. हार्ट म्हणजे फील्डबस नव्हे बरं का. तो नेहमीच्या ४-२० मिलिअँप सिग्नलच्या पाठीवर बसलेला, सेकंदाला १२०० बिटचा प्रवासी आहे.

फाउंडेशनमध्ये कुणी कधी बोलायचं ते लास ठरवतो, म्हणजे लिंक अ‍ॅक्टिव्ह शेड्यूलर. एसटीच्या कंडक्टरसारखा: ज्याला हाक मारली त्यानंच बोलायचं. तो आजारी पडला तर बदली कंडक्टर आधीच गाडीत बसलेला असतो, म्हणजे बॅकअप लास.

आता माझा घोटाळा. एका सेगमेंटवरचा शेवटचा व्हॉल्व्ह पोझिशनर (व्हॉल्व्ह किती उघडायचा ते सांभाळणारं उपकरण) दिवसातून तीनचारदा गायब व्हायचा आणि दोन मिनिटांत परत यायचा. आम्ही पोझिशनर बदलला, कार्ड बदललं, स्परची केबल बदलली. पहाटे कंट्रोल रूममधून फोन आला की मला आधी तोच टॅग (उपकरणाचा नंबर) आठवायचा. शेवटी बस टेस्टर लावला. सिग्नल पाऊण ते एक व्होल्टच्या आसपास दिसायला हवा होता, दिसला सहाशे मिलिव्होल्टच्या खाली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टर्मिनेटर.

टर्मिनेटर म्हणजे १०० ओहम आणि एक मायक्रोफॅरड एकापुढं एक जोडलेले, ट्रंकच्या दोन टोकांना एकेक. दोनच. दोन मिळून ५० ओहम होतात आणि उपकरणं त्याच्यावरच बोलतात. आमच्याकडं दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ट्रंक वाढवून पुढं नवी जेबी बसवली, तिच्यातला टर्मिनेटर चालू केला, आणि जुन्या जेबीतला तसाच ठेवला. नखाएवढा स्विच. तीन टर्मिनेटर म्हणजे ३३ ओहम, सिग्नल एकतृतीयांशानं गळाला. जवळची उपकरणं तरून गेली, टोकाचं बुडत-तरंगत राहिलं. मल्टिमीटरनं हे सापडत नाही, कारण कपॅसिटर डीसी अडवतो. स्विच खाली केला आणि तो फोन कायमचा बंद झाला.

दुसरी_पाळी

ताई, पावसाळ्यातला आमचा अनुभव जोडतो. फील्डबसच्या अधिक-उणे दोन्ही तारा अर्थपासून अलग असाव्या लागतात. जेबीत पाणी शिरलं, केबलच्या अर्थ केलेल्या शील्डची ड्रेन वायर उणे तारेच्या टर्मिनलला ओली होऊन चिकटली, की अख्खा सेगमेंट कुरकुरायला लागतो. ऊन पडलं की बरा. जुलैमध्ये रोज भूत, दसऱ्यानंतर काही नाही.

नवी_ट्रेनी

पण ताई, आयएसमध्ये ऊर्जा इतकी थोडी असते. मग दहा उपकरणांना पुरते कशी?

सेगमेंट_पाहणारी

नाही पुरत! सगळी रस्सीखेच त्याचीच आहे. एक उपकरण साधारण २० मिलिअँप खातं. जुन्या पद्धतीनं, प्रत्येकाचे सी आणि एल बेरीज करत बसलं तर दोनतीन उपकरणांतच दम लागायचा. मग जर्मनीतल्या पीटीबी संस्थेनं प्रयोग करून फिस्को आणलं. केबलची जात ठरवून दिली, टर्मिनेटर ठरवून दिला, उपकरणाची साठवण ५ नॅनोफॅरड आणि १० मायक्रोहेन्रीच्या आत बांधली, आणि वीज देणारा एकच असला पाहिजे म्हणून सांगितलं. हे पाळलं की केबलची बेरीज नको. पण आयआयसीला तरीही शंभर-सव्वाशे मिलिअँपच मिळतात, म्हणजे पाच उपकरणं.

म्हणून हल्ली जास्त चालतो तो हाय-पॉवर ट्रंक. ट्रंक आयएस नाहीच. तो एक्स ई, म्हणजे ठिणगी पडूच नये अशा बेतानं घट्ट, भक्कम बांधलेला, आणि त्यातून चारपाचशे मिलिअँप जातात. झोन १ मध्ये फील्ड बॅरिअर नावाचा डबा बसतो आणि त्याच्यापुढचे स्पर एक्स आयए. धाग्याच्या विषयाशी हे जुळतं: एकाच डब्याच्या डाव्या बाजूची वायर चालू लाइनवर सोडायची नाही, उजव्या बाजूची सोडता येते. आमच्याकडं उजवीकडं निळे टर्मिनल आहेत आणि डावीकडच्या झाकणावर मी स्वतः इशारा चिकटवलाय. तरी एकदा पकड घेतलेला हात डावीकडं गेलेला मी बघितलाय. ओरडले. थांबला.

खाडीपार

मी ओमानमध्ये असतो. इकडच्या नव्या प्रकल्पांत इथरनेट-एपीएलची चर्चा आहे. २०२१ मध्ये बाजारात आलं. तशाच दोन तारा, पण सेकंदाला १० मेगाबिट, म्हणजे एच१ च्या ३२० पट. ट्रंक १००० मीटर, स्पर २०० मीटर. आयएसचा हिशोब फिस्कोच्याच धर्तीवर बांधलाय, नाव टू-वाइज. प्रत्येक स्पर स्विचच्या स्वतंत्र पोर्टवर असतो, त्यामुळं एकाच्या खोकल्यानं सगळ्यांना सर्दी होत नाही. सेगमेंटताई, तुमची झोप वाढेल.

बाकी एक विचारायचं होतं. माझ्याकडं युरोपातलं अटेक्स आणि आंतरराष्ट्रीय आयईसीएक्स अशी दोन्ही सर्टिफिकेट असलेलं सामान आहे. भारतात तेवढ्यावर चालतं का?

चंद्रपूरकर

नाही. पेट्रोलियमच्या जागांसाठी पेसोची (पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्हज सेफ्टी ऑर्गनायझेशन) मंजुरी वेगळी लागते, पेट्रोलियम रूल्स २००२ खाली. पेसोचं मुख्यालय आमच्या नागपुरात. जुने लोक अजून "सीसीओई (चीफ कंट्रोलर ऑफ एक्स्प्लोझिव्हज) घेतलं का?" असंच विचारतात. खाणीसाठी धनबादचं डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय. आणि कुणी "आयपी ६६ आहे, एसआयएल २ आहे, मग एक्सची काय गरज" म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि समजावा. आयपी धूळ-पाण्याचं. एसआयएल म्हणजे ऐन वेळी ट्रिप होईल की नाही त्याचं. ठिणगीबद्दल दोघंही बोलत नाहीत.

लूपचेक

सगळ्यांचे आभार. माझ्या पीसचा माग लागला.

सीरियल नंबर जुन्या कॅलिब्रेशन रजिस्टरमध्ये सापडला. चार वर्षांपूर्वी तो युटिलिटीच्या बाजूला थेट २४ व्होल्टच्या सप्लायवर चालत होता. बॅरिअर नाही, काही नाही. त्याच्या आतलं कार्ड कुणीतरी जाळलं, तेव्हा ट्रान्समीटर काढला, रिपेअरला पाठवला, परत आला आणि रॅकवर पडला.

म्हणजे माझ्या लाइनला तो बाद. काल त्या कंत्राटी मुलाला बोलावलं आणि त्याच्या हातानंच एक्स डीच्या चौकोनात खूण करून घेतली. मार्करनं नाही, पंचनं. एक्स आयएची ओळ खोडली. स्टोअरच्या चिठ्ठीवर "फक्त एक्स डी" लिहून सही केली. मग त्यानं विचारलं, "साहेब, रॅकवर असे अजून अकरा पीस आहेत. त्यांचं काय?"

उद्या रजिस्टर घेऊन बसतोय.

सेगमेंट_पाहणारी

अकरांचा निकाल इथंच टाका. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.